संगणकाची नोंदवही बिघडल्यास

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्यामुळे तापीला महापूर आला व सुरत शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. अशा आपत्तीत कार्यालयीन दप्तराप्रमाणेच संगणकांचीही हानी होते. ज्या संगणकात पाणी शिरले असेल, तो चालू करून पाहू नये. त्याची डिस्क तज्ज्ञाकडे सोपवावी. परंतु ज्याला पाणी लागलेले नाही, केवळ काम चालू असता वीज अकस्मात खंडित झाली, असा संगणकही कधी कधी सुरू होत नाही. त्याचे एक कारण म्हणजे नोंदवहीतील बिघाड. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

नोंदवहीचे स्वरूप

विंडोज प्रणालीतील या नोंदवहीस ‘रजिस्ट्री’ म्हणतात. कोणती उपकरणे जोडलेली आहेत, कोणत्या सेवा केव्हा सुरू करावयाच्या, याची नोंद तीत असते. सिस्टम, सॉफ्टवेअर, सॅम, सिक्युरिटी व डीफॉल्ट या तिच्या ५ प्रमुख फाइली ‘कॉन्फिग’ या फोल्डरमध्ये असतात. अर्धवट राहिलेले लेखन सावरण्यासाठी सोबत लॉग फाइलीही ठेवलेल्या असतात. तथापि डिस्कवरील मजकूरच खराब झाल्यास त्यांचा उपयोग होत नाही.

दुरुस्तीचा क्रम

१. संगणक लागोपाठ दोन-तीन वेळा सुरू न झाल्यास दुरुस्तीचा पडदा बहुधा आपोआप येतो. न आल्यास विंडोजच्या स्थापना-पेनड्राइव्हवरून तो उघडावा.

२. प्रथम कार्यालयीन कागदपत्रांची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असल्यास ४८ अंकी किल्ली लागते.

३. नंतर ‘स्टार्टअप रिपेअर’ व ‘सिस्टम रिस्टोअर’ हे उपाय याच क्रमाने करून पाहावेत.

४. ते निष्फळ ठरल्यास ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडावा. येथे डिस्कचे अक्षर नेहमीपेक्षा वेगळे असू शकते, म्हणून विंडोज कोणत्या अक्षराखाली आहे हे आधी पाहावे व ‘चेक डिस्क’ने डिस्क तपासावी.

५. बिघडलेल्या फाइली पुसू नयेत. त्यांची नावे बदलून ठेवावीत. नंतर ‘रेगबॅक’ फोल्डरमधील जुन्या प्रती त्यांच्या जागी ठेवाव्यात. पाचही प्रती एकाच तारखेच्या असाव्यात. त्या तारखेनंतर बदललेले पासवर्ड व बसविलेले प्रोग्राम नव्या नोंदवहीत आढळणार नाहीत.

महत्त्वाची सूचना

प्रती ठेवण्यापूर्वी त्यांचा आकार अवश्य पाहावा. २०१८ मधील विंडोज १० च्या १८०३ या आवृत्तीपासून ‘रेगबॅक’मध्ये आपोआप प्रत घेतली जात नाही. तेथे फाइलींची नावे दिसतात, पण आकार शून्य असतो. जुनी माहिती वाचून अनेकजण या रिकाम्या फाइली मूळ फाइलींवर उतरवितात आणि उरलीसुरली नोंदवहीही गमावून बसतात.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. बिघडलेली नोंदवही ओळीओळीने दुरुस्त करता येत नाही. तिच्या जागी जुनी चांगली प्रत ठेवावी लागते. ती प्रत बिघाडापूर्वीच घेतलेली हवी. म्हणून ‘सिस्टम रिस्टोअर’ची सोय चालू ठेवावी, संपूर्ण डिस्कची प्रत नियमितपणे घ्यावी आणि ती त्याच खोलीत न ठेवता अन्यत्र, शक्यतो वरच्या मजल्यावर ठेवावी. पुराचे पाणी मूळ दप्तर व त्याची नक्कल असा भेद करीत नाही.