फसलेल्या ट्रायलचं बिल

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या टूलरूमचे हिशेब मी सत्तावीस वर्षं बघते आहे. हे डाय आणि फिक्श्चर बनवतात, मी बिलं बनवते. त्यामुळे संशोधन या शब्दाशी माझी ओळख प्रयोगशाळेतून झाली नाही, व्हाउचरमधून झाली. पोरांना काम शिकवताना मी जे सांगत आले, ते इथे लिहिते.

१. आधी विचारायचं, फसलं तर कुणाचे बुडणार?

२००९ साली एका मोठ्या पुरवठादारानं आम्हाला अ‍ॅल्युमिनियमचा एक ब्रॅकेट दाखवला. वजन कमी करून हवं होतं. डिझाइन तुम्हीच सुचवा, पुढे ऑर्डर तुमचीच, असं तोंडी ठरलं. हे आणि टूलरूममधले आमचे गोरेमामा सात महिने त्याच्यामागे होते. ओतकामात भोकं राहायची, जाड-पातळ जिथं मिळतं तिथंच तडा जायचा. नऊ ट्रायल भट्टीत परत वितळल्या, दहावी पास झाली. त्या नऊ ट्रायलचा खर्च मी वहीत मांडला होता : धातू, मशीनचे तास, वीज, बाहेरची तपासणी मिळून सहा लाख ऐंशी हजार. ड्रॉइंग मंजूर झालं आणि दोन महिन्यांत नगामागे दोन रुपये कमी घेणाऱ्या दुसऱ्या व्हेंडरकडे गेलं.

मी कागद काढून बसले. सात महिन्यांच्या पत्रव्यवहारात ‘डेव्हलपमेंट चालू आहे’ एवढंच वाक्य होतं. खर्च कुणाचा, डिझाइन कुणाचं, याबद्दल एक ओळ नव्हती. मामा म्हणाले, “वहिनी, काम तर आपलंच पास झालं ना?” त्यांना काय उत्तर द्यावं ते मला आजही सुचत नाही.

२. काही शोधांना सरकारचाच पैसा लागतो

माझे वडील पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये होते, आम्ही एचए कॉलनीत वाढलो. १९५४ साली सरकारनं ही कंपनी काढली, ती जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं. १९५५ पासून तिथं पेनिसिलिन बनू लागलं. पिंपरीची कारखानदारी खऱ्या अर्थानं तिथून सुरू झाली, हे आता नव्या लोकांना सांगावं लागतं. तिथल्या संशोधन विभागात डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुरशीवरचं एक औषध शोधलं, हमायसिन. नावातला सुरुवातीचा ‘ह’ (HA) हा कंपनीच्या आद्याक्षरांतून आलेला. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळालं त्याचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. आमच्या गावाचं नाव सूक्ष्मजीवशास्त्राच्या पुस्तकात आहे, याचा वडिलांना फार अभिमान होता, आणि मलाही आहे.

मातीचे नमुने आणायचे, त्यातले जीव वाढवायचे आणि शेकड्यांतून एखादा उपयोगी निघतो का ते बघायचं. बाकीचे सगळे वाया. एवढं वाया घालवण्याची ऐपत त्या काळात देशातल्या कुठल्या खाजगी मालकाकडे होती? औषधात पैसा आज घालायचा आणि उत्तर दहा-बारा वर्षांनी मिळतं. एवढी कळ सरकार काढू शकतं, नाहीतर पेटंटचा भरवसा असलेली बलाढ्य कंपनी. कोविडच्या काळात हिंजवडीच्या जेनोव्हानं एमआरएनए लस तयार केली, तिलाही केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचा पैसा होता. पुढे एचए कंपनी आजारी पडली, तो भाग वेगळा. पण पहिला धोका सरकारनं पत्करला होता, हे विसरू नये.

३. गाड्यांच्या धंद्यात संशोधन नगाच्या किमतीत मुरलेलं असतं

१९९८ साली टाटांची इंडिका आली तेव्हा पुण्यातल्या त्यांच्या इंजिनीअरिंग रिसर्च सेंटरचं नाव घरोघरी झालं. सुमारे सतराशे कोटी रुपये लागले, ते कंपनीनं घातले. ते परत कुठून येणार? प्रत्येक गाडीच्या किमतीतून, थोडे थोडे. मोठ्या कंपनीला हे जमतं, कारण गाडीची किंमत ती स्वतः ठरवते.

आमच्याकडे हाच हिशेब खालच्या अंगानं येतो. समजा डायचा खर्च बारा लाख. गिऱ्हाईक म्हणतं, एकदम देणार नाही, एक लाख नगांवर वाटून घ्या, नगामागे बारा रुपये. ऐकायला सरळ आहे. मग मॉडेल चाललं नाही आणि चाळीस हजार नगांवर उचल थांबली, तर चार लाख ऐंशी हजार सुटले आणि सात लाख वीस हजार आपल्या गळ्यात. म्हणून उचल कमी झाली तर उरलेली रक्कम किती दिवसांत मिळणार, ही अट मी आता खरेदीच्या ऑर्डरमध्ये (पीओ) घालून घेते. अट नसेल तर हे भांडले तरी मी डायचं स्टील मागवू देत नाही.

वाटून खर्च करण्याचा एक चांगला नमुनाही इथलाच. एआरएआय ही संस्था १९६६ मध्ये वाहन उद्योग आणि केंद्र सरकार यांनी मिळून उभारली. एकेकाला न परवडणारी तपासणी सगळ्यांनी मिळून करायची. पूर्वी प्रत्येक वाहनावर एक अष्टमांश टक्का उपकर होता, तो वाहन उद्योगाच्या विकासासाठी. शेकड्याला साडेबारा पैसे. गिऱ्हाइकाला कळतही नव्हतं. जीएसटी आला आणि तो गेला. मला तो जायला नको होता. सगळ्यांच्या उपयोगाचं संशोधन करायला सगळ्यांनी चिमूटभर घालणं, याहून न्यायाची पद्धत मला माहीत नाही.

४. कायद्याची तारीख आली की पैसा सापडतो

गाड्यांच्या धुराचे नियम बीएस-४ वरून मधली पायरी गाळून थेट बीएस-६, तारीख १ एप्रिल २०२०. त्याआधीची तीन वर्षं चाकण, तळवडे, भोसरी, कुठल्याही शेडमध्ये जा, नव्या पार्टच्या ट्रायल चालू. एरवी ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणणारे खर्चाला तयार झाले. तारीख उजाडली तेव्हा लॉकडाऊनमुळे शटर बंद होती.

५. करसवलत कुणाला मिळते ते नीट वाचायचं

प्राप्तिकराच्या कलम ३५(२एबी) खाली कंपनीच्या स्वतःच्या संशोधनावरचा खर्च वाढवून वजा करता यायचा. २०१० च्या अर्थसंकल्पात दीडपटीची वजावट दुप्पट झाली, एप्रिल २०१७ पासून पुन्हा दीडपट, आणि एप्रिल २०२० पासून जेवढ्यास तेवढी. मी मोठ्या आशेनं सीएंकडे गेले होते. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “ताई, तुमची कंपनी आहे की भागीदारी?” आमची भागीदारी. सवलत फक्त कंपनीला. शिवाय केंद्राच्या डीएसआयआर या विभागाची मान्यता हवी, त्यासाठी संशोधनाची वेगळी जागा, वेगळी माणसं, वेगळे हिशेब. आमच्याकडे दिवसभर प्रॉडक्शन घेणाऱ्या व्हीएमसी मशीनवरच रात्री नऊनंतर ट्रायल होते. दिवसाचा ऑपरेटर तोच रात्रीचा संशोधक. साधी वजावट मिळते, ती आम्ही घेतो. पण या पट्ट्यातलं किती संशोधन अशा रात्रपाळीत होतं आणि कुठल्याच आकड्यात येत नाही, हे कुणीतरी मोजायला हवं.

सरकारी आकडे २०२०-२१ चे आहेत : देशाचा संशोधनावरचा खर्च जीडीपीच्या ०.६४ टक्के. त्यात केंद्र सरकारचा वाटा सुमारे ४४ टक्के, खाजगी उद्योगाचा ३६. दक्षिण कोरियात एकूण खर्च साडेचार टक्क्यांच्या पुढे आणि त्यातला बहुतेक भार उद्योगांवर. खाजगी उद्योग हात आखडता घेतो असं म्हणतात, ते मोठ्यांच्या बाबतीत खरं आहे. आमच्या वहीतला खर्च मात्र त्या छत्तीसात धरलेला नाही.

६. संरक्षणाच्या कामात फसण्याचेही पैसे मिळतात

एका संरक्षण प्रयोगशाळेसाठी आम्ही फिक्श्चर केलं. करारात टप्पे होते : डिझाइन, नमुना, चाचणी. दुसऱ्या टप्प्यावर नमुना वाकला. बैठक झाली, कारण लिहून घेतलं, आणि झालेल्या कामाचे पैसे मिळाले. मी ते बिल दोनदा वाचलं. केंद्राच्या प्रमुख वैज्ञानिक संस्थांच्या खर्चात डीआरडीओचा वाटा तीस टक्क्यांच्या वर आहे, आणि दिघीतल्यासारख्या प्रयोगशाळा आमच्या शेजारी आहेत. आता टेक्नॉलॉजी डेव्हलपमेंट फंडातून खर्चाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत अनुदान मिळू शकतं, संरक्षण खात्याच्या आयडेक्स योजनेतूनही मिळतं. अर्ज किचकट असतात. तरी भरावेत.

७. बँक मशीनवर कर्ज देते, ट्रायलवर नाही

कॅश क्रेडिटची (सीसी) लिमिट ठरते स्टॉक आणि येणं यांच्यावर. फसलेली ट्रायल दोन्हींत बसत नाही, ती भंगारात किलोच्या भावानं जाते. केंद्रानं २०२५ मध्ये संशोधनासाठी एक लाख कोटींची योजना आणली, लांब मुदतीचं, कमी व्याजाचं कर्ज. पण ते कल्पना प्रयोगशाळेत सिद्ध झाल्यानंतरच्या टप्प्यांसाठी. आमचे पैसे त्याच्या आधीच संपलेले असतात.

म्हणून मी टॅलीत एक वेगळं खातं उघडलं : ‘ट्रायल, स्वतःच्या खर्चानं’. दर महिन्याच्या विक्रीतला दीड टक्का त्यात बाजूला टाकते. फसलेला प्रत्येक पहिला नग आता भंगारात जात नाही. ऑफिसच्या फळीवर राहतो, त्याला चिठ्ठी बांधलेली : तारीख, कारण, रुपये.

गेल्या महिन्यात इलेक्ट्रिक स्कूटरच्या मोटरच्या हाउसिंगसाठी चौकशी आली. आमच्याकडे डिप्लोमा झालेली एक मुलगी आहे, ती फळीवरचे चार नग खाली उतरवून त्यांच्या चिठ्ठ्या वाचत बसली होती, थंड होताना भिंत कुठे खेचली जाते ते बघायला. कोटेशनमध्ये मी डेव्हलपमेंटची ओळ वेगळी घातली, चार लाख दहा हजार. परवा त्या गिऱ्हाइकाच्या बायरचा फोन आला, “मॅडम, ही ओळ काढा, रेटमध्ये कुठेतरी बसवा.” मी नाही म्हटलं. उत्तर अजून आलेलं नाही. ट्रायलसाठी धातू मात्र मी मागवलेला नाही.