‘क्रमशः’ नंतरचा वाचक : विज्ञानकथा, दूरदर्शन मालिका आणि पुनरागमनाची प्रतीक्षा

मराठी समीक्षेने वाचकाचा विचार केला तो बहुतांशी वाचन चालू असतानाच्या वाचकाचा. रसिक, सहृदय, आस्वादक या सर्व संज्ञांमागे संहितेसमोर बसलेली व्यक्ती गृहीत आहे. पुस्तक मिटल्यानंतर आणि पुढचे पुस्तक हाती येण्यापूर्वी ही व्यक्ती काय करते, हा प्रश्न आपण साहित्यबाह्य मानला. भाग संपला आहे, पुढचा आलेला नाही, कदाचित येणारही नाही, अशा मधल्या काळातील वाचकाला येथे ‘प्रतीक्षक वाचक’ म्हटले आहे. त्याचा विचार विज्ञानकथेच्या संदर्भात करावयाचा, आणि त्यासाठी दूरचित्रवाणी मालिकेचा आधार घ्यावयाचा, असा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. मराठी विभागाच्या संशोधनपत्रिकेत दूरदर्शन मालिकेचे काय काम, अशी शंका येईल. तिचे उत्तर पुढील विवेचनातच मिळावे.

वोल्फगांग ईझर याने खंडशः प्रसिद्ध होणाऱ्या कादंबरीविषयी एक मार्मिक निरीक्षण नोंदविले आहे. डिकन्सची जी कादंबरी हप्त्याहप्त्याने वाचताना वाचकांना अधिक आवडे, तीच सलग पुस्तकरूपात तितकी आवडत नसे. हप्त्यांमधील खंड वाचकाला कल्पना करावयास लावतो, आणि ही कल्पना वाचनाचाच भाग असते, असा त्याचा अर्थ. पण ईझरच्या विवेचनातील खंड आठवड्याचा किंवा महिन्याचा आहे आणि पुढचा हप्ता येणार हे ठरलेले आहे. हा खंड दहा-पंधरा वर्षांचा झाला आणि पुढचे काहीच ठरलेले नसले, तर काय होते?

शेरलॉक होम्सचे उदाहरण आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. १८९३ साली कॉनन डॉयलने आपल्या नायकाचा अंत घडविला. १९०१–०२ मध्ये बास्करव्हिलची कादंबरी आली, पण तिचा काळ त्या अंतापूर्वीचा. खरे पुनरागमन १९०३ मध्ये झाले. येथे वाचक वाट पाहत होता ती एका माणसाची. विज्ञानकथेत प्रतीक्षेचे स्वरूप बदलते. विज्ञानकथेचे विश्व नियमबद्ध असते. यानाचा वेग, काळप्रवासाच्या मर्यादा, परग्रहवासीयांचा इतिहास हे एकदा ठरले, की त्या नियमांच्या आधारे वाचक पुढचे अनुमान करू शकतो. त्यामुळे ही प्रतीक्षा केवळ हुरहूर राहत नाही. ती एक प्रकारची निर्मिती होते.

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे बीबीसीची ‘डॉक्टर हू’ ही मालिका. तिचा पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ रोजी प्रक्षेपित झाला. (पहिल्या कथेचा दिग्दर्शक वारिस हुसेन हा लखनौत जन्मलेला, ही आपल्याकडे फारशी न सांगितली गेलेली गोष्ट.) डिसेंबर १९८९ मध्ये मालिका थांबली. १९९६ मधील एक दूरचित्रवाणी-चित्रपट वगळता पडद्यावर ती नियमितपणे परतली ती २६ मार्च २००५ रोजीच. मधल्या सुमारे पंधरा वर्षांत चाहत्यांनी कादंबऱ्या लिहिल्या, श्राव्य नाटके केली. पुनरागमन घडविणारा लेखक रसेल टी. डेव्हिस हा स्वतः या मालिकेचा जुना चाहता होता आणि त्या मधल्या काळात त्यानेही तिच्यावर आधारित एक कादंबरी लिहिली होती. वाट पाहणाराच अखेर लेखक झाला. आज तोच प्रेक्षक पुन्हा त्याच अवस्थेत आहे. मे २०२५ मध्ये एक पर्व संपले, डिस्नेबरोबरची भागीदारी संपल्याचे त्याच वर्षी जाहीर झाले, आणि २०२६ च्या नाताळात एक विशेष भाग येईल एवढे आश्वासन मिळाले.

या मालिकेच्या इतिहासातील आणखी एक गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावी. साठच्या दशकातील नव्वदहून अधिक भागांच्या चित्रफिती बीबीसीकडे उरल्या नाहीत. त्या पुसल्या गेल्या वा नष्ट केल्या गेल्या. त्या भागांचा ध्वनी मात्र संपूर्ण उपलब्ध आहे, कारण काही प्रेक्षकांनी घरी ध्वनिमुद्रण यंत्र लावून तो टिपून ठेवला होता. संस्थेने टाकलेली संहिता चाहत्यांनी राखली.

आता मराठीकडे वळू. ‘क्रमशः’ हा शब्द मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी ‘करमणूक’ साप्ताहिकातून १८९० पासून क्रमाक्रमाने आली. मराठी कादंबरीचा वाचक वाट पाहतच घडला, असे म्हणण्यास हरकत नाही. त्याहून लक्षणीय गोष्ट अशी, की मराठीतील वैज्ञानिक कथावाङ्मयाचा प्रारंभही क्रमशः प्रसिद्धीनेच झाला. कोचीनहून कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी चालविलेल्या ‘केरळ कोकिळ’ मासिकात १९०० च्या सुमारास ज्यूल व्हेर्नच्या चंद्रप्रवासाच्या कथेचा अनुवाद ‘चंद्रलोकची सफर’ या नावाने खंडशः येऊ लागला. चंद्राकडे निघालेल्या प्रवाशांचे पुढे काय झाले, हे कळण्यासाठी मराठी वाचक पुढच्या अंकाची वाट पाहत होता. हा प्रारंभ आशादायक होता. पुढे मात्र हा धागा तुटला.

स्वतंत्र मराठी विज्ञानकथा म्हणून श्री. बा. रानडे यांच्या ‘तारेचे हास्य’ या कथेचा निर्देश सामान्यतः केला जातो. ती लघुकथा आहे, आणि त्यानंतरची परंपराही प्रामुख्याने लघुकथेचीच आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठविली आणि तिला पारितोषिक मिळाले, हा प्रसंग सर्वांना माहीत आहे. तो वारंवार सांगितला जातो तो एका थोर शास्त्रज्ञाच्या विनयाची कथा म्हणून. त्यातील वाङ्मयप्रकारविषयक अर्थाकडे मात्र दुर्लक्ष होते. आधुनिक मराठी विज्ञानकथेला प्रतिष्ठा मिळाली ती स्पर्धेच्या द्वारे, आणि तिचा संसार पुढे मुख्यतः दिवाळी अंकांत झाला. स्पर्धा आणि दिवाळी अंक या दोन्ही ठिकाणी हवी असते ती स्वयंपूर्ण कथा. ज्या कथेला ‘पुढे चालू’ म्हणावयाचे आहे, तिला दोन्हीकडे दार बंद.

मराठी वाचक वाट पाहत नव्हता असे नाही. ‘धनंजय’ किंवा ‘नवल’ यांच्या दिवाळी अंकाची वाट पाहणाऱ्यांची एक पिढी होती. पण ती वाट अंकाची होती, अंकातील विश्वाची नव्हती. दर वर्षी नवी कथा, नवे यान, नवा शास्त्रज्ञ, आणि दहा-बारा पानांत सर्वांचा निकाल.

याला कथारूपाचेही एक कारण आहे. नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर यांच्या कथांचा नायक बहुधा कल्पना हाच असतो. कृष्णविवराजवळ काळ मंदावतो, ही कल्पना एकदा उलगडली की कथेचे प्रयोजन संपते. पात्रे त्या कल्पनेची वाहक असतात. त्यांना पुन्हा भेटण्याची ओढ वाटावी इतके आयुष्य त्यांना दिलेले नसते. अपवाद आहेत. फोंडके यांच्या काही कथांत तीच पात्रे पुन्हा भेटतात. पण तेथे हेरकथेचा साचा मदतीला आलेला आहे, हे विसरता येत नाही. आवर्ती नायकाची कला मराठीत अन्यत्र भरपूर होती. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड वर्षानुवर्षे वाचकांना भेटत राहिले. भा. रा. भागवतांचे उदाहरण तर चटका लावणारे आहे. व्हेर्नला मराठी मुलांच्या घरात आणणारे भागवत आणि फुरसुंगीच्या बनेश फेणेला पुस्तकामागून पुस्तकात धावायला लावणारे भागवत एकच. दोन्ही कला एकाच लेखकाच्या हाती होत्या. फास्टर फेणे पुढे दूरदर्शनवर आला, २०१७ मध्ये चित्रपटातही परतला. पण तो साहसकथेचा नायक होता. विज्ञानकथेला तसा फेणे लाभला नाही.

नारळीकरांच्या एका कादंबरीचे नाव या संदर्भात मनात रेंगाळते. ‘वामन परत न आला’ हे मराठी शीर्षक. इंग्रजी अवताराचे नाव मात्र ‘द रिटर्न ऑफ वामन’. एका भाषेत वामन परत येत नाही आणि दुसऱ्या भाषेत त्याच्या परतण्याचीच ग्वाही आहे. यातून फार मोठा निष्कर्ष काढू नये, हे खरे. तरीही एक प्रश्न उरतो. परत येणे हे आश्वासन म्हणून वाचणारा वाचकवर्ग इंग्रजी विज्ञानकथेला आधीच लाभला होता. मराठी शीर्षकाला तशा वाचकाचा भरवसा होता काय?

मग मराठी तरुणाची ही प्रतीक्षा गेली कोठे? नागपूरच्या सदर भागात मराठीचे अध्यापन करताना या प्रश्नाचे उत्तर वर्गातच मिळते. सदर ही इंग्रजी अमदानीत वाढलेली वस्ती. चर्च, कॉन्व्हेंट शाळा, लिबर्टी आणि स्मृती ही चित्रपटगृहे, आणि एकाच दुकानात तीन भाषांत चालणारा व्यवहार. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होते, त्यामुळे हिंदी ही येथे परकी भाषा कधीच नव्हती. मराठी विज्ञानकथेतील एखाद्या पात्राचे नाव विचारले तर वर्ग शांत राहतो. पण पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री हे संपूर्ण नाव कोणीतरी एका दमात म्हणून दाखवितोच, आणि सारा वर्ग हसतो.

‘शक्तिमान’ ही मालिका दूरदर्शनवर सप्टेंबर १९९७ ते मार्च २००५ अशी चालली. वृत्तपत्राच्या कचेरीत छायाचित्रकार म्हणून वावरणारा वेंधळा गंगाधर आणि पंचमहाभूतांच्या व कुंडलिनीच्या बळावर सिद्ध झालेला शक्तिमान, ही दुहेरी भूमिका मुकेश खन्ना यांनी केली. हिला विज्ञानकथा म्हणावे काय, असा आक्षेप शुद्धतावादी घेतील. आक्षेप योग्यच आहे. योग आणि प्रयोगशाळा, सिद्धपुरुष आणि डॉक्टर जॅकॉलसारखा विक्षिप्त वैज्ञानिक यांची ही सरमिसळ विज्ञानाच्या निकषावर टिकत नाही. पण विश्व नियमबद्ध होते. शक्ती कोठून येते, अंधाराचे साम्राज्य कसे वाढते, कोणाला रहस्य ठाऊक आहे आणि कोणाला नाही, हे मुलांना पक्के माहीत होते. पौराणिक अवतारकल्पनेमुळे पुनरागमनाची अपेक्षाही आपल्या प्रेक्षकात उपजतच असते. विसर्जनाच्या वेळीच ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणणाऱ्या समाजाला निरोप आणि निमंत्रण यांत विसंगती वाटत नाही.

ही मालिका परत येणार, असे तेव्हापासून बोलले जात आहे. २०११ मध्ये तिची सचेतपट-मालिका आली. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात दूरदर्शनने मूळ मालिका पुन्हा दाखविली. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिच्यावरील चित्रपटाची घोषणा झाली. २०२४ च्या नोव्हेंबरात खन्ना यांनी स्वतः पुनरागमनाची झलक प्रसृत केली.

येथे पुनःप्रक्षेपण आणि पुनरागमन यांतील भेद स्पष्ट होतो. २०२० मध्ये जे परतले ती जुनीच संहिता होती. तिशीतील प्रेक्षकांना ती पाहताना आनंद झाला आणि काहीशी अवघडही वाटली. गरगर फिरत उडणारा नायक आठवणीत जितका वेगवान होता तितका पडद्यावर नव्हता. मालिका होती तशीच होती. मधल्या पंधरा वर्षांत प्रेक्षकाच्या मनाने तिची दुसरी, अधिक समर्थ आवृत्ती तयार केली होती. याऊस याच्या परिभाषेत बोलावयाचे तर अपेक्षाक्षितिज केवळ नव्या कृतींमुळे सरकत नाही. कृती गैरहजर असतानाही ते सरकत राहते.

दुसरा मुद्दा नटाचा. शक्तिमानची भूमिका अन्य अभिनेत्याकडे जाणार अशी चर्चा सुरू होताच खन्ना यांनी तीस जाहीर विरोध केला, आणि अनेक चाहत्यांनाही ते पटले. ‘डॉक्टर हू’ने हा प्रश्न १९६६ मध्येच सोडविला होता. विल्यम हार्टनेलच्या जागी पॅट्रिक ट्राउटन आला तेव्हा नायकाचे शरीरच पालटते अशी तरतूद कथेत केली गेली. ती कथाविश्वाचा नियम झाली आणि मालिकेला नटाच्या आयुष्याहून मोठे आयुष्य लाभले. मराठी रंगभूमीला हे अपरिचित नाही. ‘नटसम्राट’मधील अप्पासाहेब बेलवलकर श्रीराम लागूंनंतर दत्ता भट आणि सतीश दुभाषी यांनी उभे केले, आणि प्रेक्षकांनी ते स्वीकारले, कारण भूमिका संहितेत होती. शक्तिमान मात्र लिखित संहितेत कधी रुजलाच नाही. त्याची प्रतीक्षा एका देहाशी बांधली गेली आहे.

विज्ञानकथेवरील आपले बहुतेक प्रबंध व्याख्या, विज्ञान किती आणि कथा किती याचे प्रमाण, व लेखकवार आढावा या तीन वाटांनी जातात. या वाटांवर प्रतीक्षक वाचक भेटण्याची शक्यता नाही. तो भेटेल तो जुन्या अंकांतील वाचकांच्या पत्रव्यवहारात, एखाद्या कथेचा पुढचा भाग मागणाऱ्या चार ओळींत, ग्रंथालयाच्या देवघेव-नोंदींत. ‘नवल’ आणि ‘धनंजय’ यांचे संपूर्ण संच कोणत्या ग्रंथालयांत आहेत, याची यादीही अद्याप करावयाची आहे. अशा अंकांची बांधणी करताना जाहिरातींबरोबर पत्रांची पानेही काढून टाकली जातात. विदर्भातील पदव्युत्तर विद्यार्थ्याने या कामाचा आरंभ विदर्भ साहित्य संघाच्या ग्रंथालयापासून करावा. नंतर ज्यांच्या माळ्यावर हे अंक न बांधता, पत्रांच्या पानांसह पडून आहेत, अशा घरांकडे वळावे.