आधी पट्टा बघ

धनुष्यानं शिकारीला जाताना पिस्तूल अंगावर कुठं आणि कशात ठेवू, असं तू विचारलंस. तुझी मामी म्हणाली, "म्हणजे याला गणपतीत यायला सवड नसते ती यासाठी होय!" तुमचा मोंटानातला धनुष्याचा हंगाम सप्टेंबरात सुरू होतो आणि आमचे मोदकही बहुतेक तेव्हाच. असो. इथं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीचा विषय संपवला. तुझा तो एल्क मी फोटोतच पाहिलाय, आपल्या सांबराचा थोराड चुलतभाऊ. पण फौजेत चोवीस वर्षं काढली, आणि आता पुण्यात परवान्याचं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर सांभाळतोय. तेव्हा होल्स्टरबद्दल चार शब्द ऐकून घे.

होल्स्टर हत्याराच्या मापाचं हवं, हे दुकानदारही सांगतो. ते आपल्या बैठकीच्या मापाचं हवं, हे सांगत नाही. माझं पहिलं होल्स्टर मी आरशासमोर उभं राहून पसंत केलं. रुबाबदार दिसलं. दुसऱ्या दिवशी ते लावून स्कूटरवर हडपसरहून स्वारगेटला गेलो, तर प्रत्येक खड्ड्याला मूठ बरगडीत. घरी येऊन शर्ट काढला तर काळानिळा वळ. त्यातून आमच्या २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी हत्यार होल्स्टरमध्ये आणि पूर्ण झाकलेलं लागतं, म्हणजे मे महिन्यातही वर जाकीट. शेवटी कमरेवर थोडं मागं आणि खाली बसणारं घेतलं. आता स्कूटरवर बसलो तरी त्याची आठवण होत नाही.

तुझी बैठक वेगळी. तुझं धनुष्य डाव्या हातात, दोरी उजव्या हातानं ओढलेली, डावा खांदा सावजाकडं. दोरी हनुवटीपर्यंत येते आणि सुटली की छाती-दंडाच्या अगदी जवळून पुढं पळते. आपला फलटणजवळच्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकला खेळला. अशा तिरंदाजांचे फोटो नीट बघ, छातीवर एका बाजूनं बांधलेला चेस्ट गार्ड दिसेल. नुसता शर्टाचा चुणीदार भाग दोरीत आला तरी बाण भरकटतो, म्हणून तो. मग तिथं पिस्तुलाची मूठ आली तर काय होईल?

म्हणून काखेतलं होल्स्टर नको. सिनेमात शोभतं. त्यात नळीचं तोंड बहुतेकदा मागं असतं, म्हणजे मागून येणाऱ्या सोबत्याकडं. उजव्या कमरेवर लावशील तर सॅकचा कंबरपट्टा नेमका तिथंच येतो आणि हत्यार त्याखाली गाडलं जातं. तिकडं पुष्कळ जण छातीवरचं होल्स्टर वापरतात. सॅक आणि हत्यार भांडत नाहीत, बसताना-चढताना अडचण नाही आणि डाव्या हातात धनुष्य असताना उजवा हात सरळ मुठीवर जातो. मीही तुला तेच सांगेन, पण ते खाली ओढून बांध. बरगड्यांच्या शेवटाला, उजवीकडं झुकलेलं. छातीच्या मध्यावर नाही.

होल्स्टर पक्कं करण्याआधी घरी तालीम कर. हत्यार रिकामं कर, दोनदा तपास, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेव. मग शिकारीचं जाकीट, सॅक, सगळं अंगावर चढव. गुडघ्यावर बस, वाक, जिना चढ. धनुष्याची तालीम मात्र मैदानात, लक्ष्यासमोर आणि बाण लावूनच. बाणाशिवाय ताणलेली दोरी सोडली तर सगळा जोर धनुष्याच्या बाहूंवर येतो आणि ते तडकू शकतात. वीस बाण मार. एकदाही दोरी कशाला लागली, तर ते होल्स्टर परत कर.

आता त्याची बनावट. घोड्याभोवतीची कडी पूर्ण झाकलेली हवी. हत्यार काढल्यावर तोंड मिटून जाणारं मऊ कापडी होल्स्टर फुकट मिळालं तरी घेऊ नकोस, कारण परत ठेवताना कापडाची घडीच घोडा ओढते. वरून पट्टी किंवा खटका हवाच. तू ओढ्यात घसरणार, झुडपांतून रांगणार. चामडं की प्लास्टिक? चामडं मला प्रिय, पण ते पाणी पितं. एका पावसाळ्यात माझ्या चामडी होल्स्टरवर हिरवी बुरशी आणि आतल्या नळीवर तांबूस गंज, दोन्ही एकदम आले. तेव्हापासून हत्यार चामड्यात ठेवून कपाट बंद करत नाही. प्लास्टिकचं धुऊन पुसलं की झालं. मात्र त्याचा 'टक्' आवाज एल्कला ऐकू जाईल. काढताना-घालताना किती वाजतं ते शांत खोलीत ऐकून बघ. आणि आमच्या वेळची, हत्याराला बांधून गळ्यात घालायची लॅनयार्ड लावू नकोस. परेडला ठीक, धनुष्याच्या दोरीजवळ आणखी एक दोरी कशाला?

आणखी एक. हे सगळं तू अस्वलाच्या धाकानं करतोयस. दबकत चालायचं आणि वास लागू द्यायचा नाही, म्हणजे अस्वलालाही तुझा पत्ता लागत नाही आणि गाठ अचानक पडते. तिकडचे वनरक्षक मिरचीच्या फवाऱ्याची शिफारस करतात, तो चटकन हाताला लागेल असा ठेव. फवारा आणि पिस्तूल एकाच जागी अडकवू नकोस, घाईत हात चुकतो. धनुष्याच्या हंगामात पिस्तूल बाळगण्याचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. तिथल्या वन्यजीव खात्याचं नियमांचं पुस्तक स्वतः वाच, मित्राच्या सांगण्यावर जाऊ नकोस.

आणि तरी कमरेवरच लावायचं ठरवलंस, तर होल्स्टरच्या आधी पट्ट्यावर पैसे घाल. भरलेलं मोठं रिव्हॉल्व्हर किलोच्या पुढं जातं. पँटबरोबर आलेला पट्टा दुपारपर्यंत वळतो, मग दिवसभर एक हात पँट सावरण्यात. दीड इंच रुंद, दुहेरी, पिळायला गेलं तरी न पिळणारा घे. घेतलास की लावून, धनुष्य ताणून, बाजूनं काढलेला फोटो पाठव. मूठ कुठं येतेय ते बघून सांगतो.