दुवा उघडावा, पान न सोडता

आपल्या ट्रस्टच्या कुटुंबांतील मुलेमुली शिष्यवृत्तीचे अर्ज आता संगणकावर भरतात. अर्ज अर्धा भरला असता 'नियम' या लिंकवर क्लिक होते, त्याच टॅबमध्ये नियम उघडतात आणि मागे फिरावे तो भरलेली माहिती पुष्कळदा पुसलेली आढळते. मुले रडकुंडीस येतात.

उपाय सोपा आहे. कंट्रोलची कळ दाबून धरून लिंकवर क्लिक करावे, अथवा माऊसचे चाक लिंकवर दाबावे. नियम मागच्या टॅबमध्ये उघडतात, अर्ज समोरच राहतो. लोंढ्याच्या वाचकांस सांगावयाचे तर, गोव्याची गाडी पलीकडच्या फलाटास लागली तरी आपण मिरजेच्या गाडीतील जागा सोडीत नाही, तसेच हे. कंट्रोलबरोबर शिफ्टही दाबल्यास मात्र नवे पान तत्काळ पुढे येते.

फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये नव्या टॅबवर लगेच जाण्याचा एक पर्याय आहे. त्यावर खूण असल्यास या दोन्ही कृती नेमक्या उलट होतात. घरी एक व शाळेत दुसरे असा अनुभव आल्यास प्रथम ती खूण पाहावी. क्रोममध्ये तशी सेटिंग नाही. मोबाईलवर क्रोम वापरणाऱ्यांनी लिंक बोटाने दाबून धरावी व नव्या टॅबचा पर्याय निवडावा. अर्जाकडून नियमांकडे जाण्यास संगणकावर कंट्रोल व टॅब या कळा एकत्र दाबाव्यात.