पुंगळीची भेग

चि. भाचीस,



नेमबाजीच्या रेंजवर उचललेल्या, काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांचा फोटो पाठवून तू विचारलंस, यातल्या कोणत्या पुन्हा भरता येतील? एकही नाही; त्या सगळ्या .२२ च्या आहेत. या काडतुसात पेट घेणारा मसाला तळाच्या कडेतच असतो आणि रायफलची पिन ती कड चेचून टाकते. स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं, तेही याच काडतुसावर. एकदा उडालं की ते भंगार.

मोठ्या रायफलच्या पुंगळीत तळाच्या मधोमध वेगळी टोपी असते. ती बदलून पुंगळी भरता येते, अमेरिकेत लोक छंद म्हणून घरी भरतात. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान ७ वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. ‘भरणं म्हणजे बनवणं नव्हे’ हा युक्तिवाद पोलीस ठाण्यात करून पाहायची हौस नको. उचललेल्या पुंगळ्या रेंजवर परत दे.

तपासणी मात्र जरूर शिक. भोसरीच्या वर्कशॉपात तू पितळी नट तपासतेस, तिथे ती कामाला येईल.

पुंगळीचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. चकतीची वाटी करतात, वाटी ओढून नळी करतात, मधेमधे तापवून मऊ करतात. सैनिकी रायफलच्या ७.६२ काडतुसात गोळी सुटताना दाब ४ हजार बारच्या आसपास जाऊ शकतो. त्या क्षणी पुंगळी फुगून चेंबरला चिकटते आणि वायू मागे येऊ देत नाही. हे काम दर वेळी करताना ती ताणली जाते, कडक होते.

म्हणून भेग कुठे आहे आणि कुठल्या दिशेला, हे आधी बघायचं. मानेवर उभी चीर दिसली तर पितळ वारंवार ताणून थकलेलं असतं. पुंगळी बाद, पण धोका मोठा नाही. तळाच्या जरा वर आडवं चकचकीत कडं दिसलं तर मात्र हात आखडायचा. तिथे भिंत आतून पातळ झालेली असते, तार टोकाला वाकवून आतून फिरवली की खाच बोटाला कळते. अशा पुंगळीचे पुढच्या वेळी उडवताना दोन तुकडे होऊ शकतात आणि तप्त वायू नेमबाजाच्या तोंडाकडे येऊ शकतो. टोपीचं घर सैल झालं असेल तर दाब प्रमाणाबाहेर गेला असावा, हा संशय घ्यायचा. नवशिक्या तपासनिसाला मानेवरचा निळसर पट्टा डाग वाटतो. तो दोष नव्हे, मान तापवून मऊ केल्याची खूण आहे.

आता खरी गोष्ट. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातल्या फौजांची काडतुसं तबेल्यांजवळ साठवलेली असत. न उडवलेल्या, कोऱ्या काडतुसांना पावसाळ्यात भेगा पडू लागल्या. इंग्रजीत या रोगाच्या नावात अजूनही ‘ऋतू’ आहे, तो आपला पावसाळा. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी कारण मांडलं: घोड्यांच्या मुतातला अमोनिया, हवेतली ओल आणि ओढताना पितळात अडकून राहिलेला ताण. तिन्ही जमले की पितळ चिरतं. उपायही साधा निघाला. शेवटी २५० ते ३०० अंशांच्या आसपास हलकं तापवायचं. ताण उतरतो, कडकपणा फारसा जात नाही.

तुमच्या पिंपळे गुरवहून दापोडी ओलांडून मुळेच्या पलीकडे गेलं की खडकी. तिथला दारूगोळा कारखाना १८६९ चा, २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे. म्हणजे हा धडा तुमच्या घराच्या अगदी शेजारचा आहे, तरी वर्कशॉपांत तो क्वचितच कुणी सांगतो. मामाला याचं नवल वाटतं.

तुझ्या नटांनाही हाच रोग होतो. नट पान्यानं जोरात आवळला, जवळपास अमोनियाचं पॉलिश किंवा शौचालयाचा वास असला, की काही महिन्यांनी तो आपसूक चिरतो, आणि दोष प्लंबरवर जातो. अडकलेला ताण ओळखायची जुनी चाचणी आहे: नमुना मर्क्युरस नायट्रेटच्या द्रावणात ठेवतात; ताण असेल तर अर्ध्या तासाच्या आत भेग दिसते. द्रावण पाऱ्याचं, विषारी. ते प्रयोगशाळेतच होऊ दे, वर्कशॉपात बादलीत नको. पितळ चिंचेत रात्रभर बुडवून उजळायचा उद्योगही नको. आम्ल जस्त खातं आणि रंग लालसर होतो.

एक नट चिरलेला सापडला तर तेवढाच बाजूला काढून लॉट पास करू नकोस. त्या लॉटचा ताण शेवटी काढला होता का, कुठल्या भट्टीत, किती अंशांवर, हे फोरमनला विचार आणि रजिस्टरमध्ये लिहून घे. तो काय म्हणाला ते सवडीनं कळव.

तुझा,
मामा