परसातील बांबू : लागवड आणि आवर

सोलापूर-पुणे महामार्गावर मोहोळ तालुक्यात वसलेल्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीच्या परिसराला सावलीची वाण आहे. जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान सुमारे ५५० मिलिमीटर, आणि त्यातही पावसाचा भर सप्टेंबरवर. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर चढतो. घराभोवती लवकर आडोसा व्हावा म्हणून येथील रहिवाशांचे लक्ष बांबूकडे वळले, तर ते स्वाभाविकच म्हणावे लागेल. परंतु बांबूचे नाव निघताच शेजारी हरकत घेतो. बांबू भिंतीखालून पलीकडे शिरतो, पाया उखडतो, अशी समजूत सर्वत्र आहे.

ही समजूत अर्धीच खरी आहे. बांबू हे झाड नसून गवत आहे, आणि त्याचा पसारा त्याच्या जमिनीखालील खोडावर, म्हणजेच कंदावर, ठरतो. चीन-जपानकडील फायलोस्टॅकिस वर्गातील बांबूंचे कंद जमिनीखालून लांबवर धावतात आणि कित्येक फुटांवर कोंब काढतात. आपल्याकडील मानवेल, माणगा, कळक यांचे कंद मात्र आखूड असतात. नवा कोंब जुन्याला लागूनच येतो आणि बेट तयार होते. हे बेट दरवर्षी थोडेथोडे बाहेर सरकते, एवढेच. म्हणून आवर घालण्याचे निम्मे काम रोप निवडतानाच होऊन जाते. रोपवाटिकेत ‘गोल्डन बांबू’ या एकाच नावाखाली धावणारा आणि बेट करणारा असे दोन्ही प्रकार मिळू शकतात. तेव्हा नावावर न जाता मातृबेट पाहून रोप घेणे शहाणपणाचे.

सोलापूरच्या हवेला कोरड्या पानझडी वनांत वाढणारा मानवेल अधिक मानवतो. काटेरी कळकाचे कुंपण अभेद्य होते हे खरे. पण त्याच्या फांद्यांच्या जाळीत कोयता घालणेही कठीण, त्यामुळे घराजवळ तो नकोच. मानवेलासाठी ६० सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन त्यात शेणखत व माती भरावी. मुरमाड जागेत खड्डा मोठा घेतल्यास उत्तम. भिंत, पाण्याची टाकी आणि जमिनीखालील नळ यांपासून किमान ३ मीटर अंतर सोडावे. वर विजेच्या तारा नाहीत हेही पाहावे. पाणी देण्याची सोय असल्यास जुलैतच लागवड करावी. पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात पाणी द्यावेच लागते. न्हाणीघराचे सांडपाणी त्यासाठी उपयोगी पडते. कारखान्यातून बाहेर पडणारे पाणी मात्र कदापि वापरू नये. ओल जिकडे, मुळे तिकडे, हे ध्यानात घेऊन पाणी भिंतीच्या बाजूस न सोडता विरुद्ध बाजूस सोडावे.

बेटापासून दीड मीटरवर ३० सेंटिमीटर रुंद व ६० सेंटिमीटर खोल चर खणून ठेवावा. पावसाळा संपताच त्यात डोकावणारे कंद कुदळीने तोडले की शेजाऱ्याची तक्रार मिटते. धावणारा बांबू कोणी हौसेने लावलाच, तर जाड प्लॅस्टिकचा पडदा ७५ सेंटिमीटर खोल पुरून त्याची कड जमिनीवर चार बोटे ठेवावी लागते. एवढा खटाटोप करण्यापेक्षा तो न लावलेला बरा.

खरा आवर मात्र कोयत्याचा. पावसाळ्यात आलेला कोंब दोन-तीन महिन्यांत पूर्ण उंची गाठतो. पुढे त्याची जाडी वाढत नाही, तो केवळ पक्व होतो. तीन वर्षांवरील काठ्या दरवर्षी काढल्या नाहीत, तर बेट आतून कोंडते, नवे कोंब बाहेरच्या कडेला रेटले जातात आणि पसारा वाढतो. लोक बाहेरच्या काठ्या सोईस्कर म्हणून तोडतात; या सर्वसामान्य चुकीमुळे कोवळे बांबू जातात आणि आत जुना गुंता राहतो. बेटाच्या एका बाजूने घोड्याच्या नालेसारखी वाट करून मधल्या जुन्या काठ्या काढाव्यात आणि जमिनीलगतच्या पहिल्या पेराच्या वर छाट द्यावा. काठीचे वय ओळखू यावे म्हणून प्रत्येक वर्षीच्या कोंबांना वेगळ्या रंगाची खूण करण्याची पद्धत सोपी आहे. तोड हिवाळ्यातच करावी. त्यानंतर काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवलेल्या काठीला घुणा कमी लागतो. मकरसंक्रांतीला सिद्धेश्वरांच्या सात नंदीध्वजांच्या उंच काठ्या पाहणाऱ्या सोलापूरकरांना सरळ काठीचे मोल सांगावयास नको.

तोडीच्या परवान्याविषयी ग्रामपंचायतीकडे विचारणा होत असते. भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्ये बांबूची गणना वृक्षांत होती. २०१७ च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेर वाढलेला बांबू त्या व्याख्येतून वगळण्यात आला. परसातील बांबू तोडण्यास वा बुरूड कारागिरास विकण्यास त्या अधिनियमाखाली परवाना लागत नाही. वनातील बांबूस ही सवलत नाही.

एक गोष्ट रोप घेतानाच विचारून घ्यावी. मानवेल काही दशकांनी एकदा फुलतो, आणि फुललेले बेट बी टाकून वाळते. कंदापासून केलेल्या रोपाचे वय मातृबेटाइतकेच धरावे लागते. म्हातार्‍या बेटाचा कंद आणून लावल्यास पाच-सात वर्षांतच अंगणात वाळलेल्या काठ्यांचा ढीग उभा राहू शकतो, आणि उन्हाळ्यात त्याला ठिणगी पुरते. बियांपासून केलेल्या रोपाबाबत ही धास्ती नसते.