घरकाम करणाऱ्या भगिनींचे हक्क



आपल्या धर्मग्रामात दोन्ही बाजूंची माणसे आहेत. कोणी दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी, झाडू-पोछा, स्वयंपाक करून संसार चालवतात, तर कोणाच्या घरी रोज सकाळी अशी बाई कामाला येते. म्हणून हा लेख दोघांनीही वाचावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना घरच्या मुलांनी वाचून दाखवावा.

आपले बहुतेक कामगार कायदे कारखाना, खाण, दुकान डोळ्यांसमोर ठेवून झाले. तिथे हजेरीपट असतो, तपासणीला अधिकारी येतो. घराच्या दाराआड तो येत नाही. म्हणूनच खाडे किती कापायचे, आजारपणात पगार द्यायचा की नाही, हे सारे मालकिणीच्या मर्जीवर राहते. 1980 साली पुण्यातील मोलकरणींनी पगारवाढ आणि हक्काची रजा यांसाठी संप केला व त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. 1985 मध्ये सिस्टर जीन डेव्हॉस या बेल्जियमच्या धर्मभगिनीने घरकामगारांची राष्ट्रीय चळवळ सुरू केली. अशा अनेक प्रयत्नांनंतर 2008 साली ‘महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम’ आला.

या कायद्याने काय मिळते? 18 ते 60 वर्षे वयाच्या घरकामगारांची नोंदणी होते व मंडळाच्या कल्याण योजनांतून बाळंतपण, अंत्यविधी अशा प्रसंगी मदत मिळू शकते. 2021 च्या कोरोना निर्बंधांत राज्य सरकारने घरकामगारांना 1500 रुपये जाहीर केले, तेही नोंदणी असलेल्यांनाच. ज्यांचे नाव यादीत नव्हते त्या तेवढ्याच उपाशी होत्या, पण कागद नव्हता. मजुरीचा दर आणि आठवड्याची सुट्टी या गोष्टी मात्र हा कायदा ठरवून देत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 16 जून 2011 रोजी घरकामगारांसाठी करार केला. त्यात आठवड्याला सलग 24 तास विश्रांती सांगितली आहे. भारताने त्याच्या बाजूने मत दिले, परंतु त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

नोंदणीसाठी वयाचा व रहिवासाचा पुरावा, फोटो आणि ‘ही बाई माझ्या घरी काम करते’ असा घरमालकाचा दाखला लागतो. गाडी अडते ती इथे. एका सहीने आपल्यावर काही कायदेशीर झेंगट येईल, या भीतीने चांगली माणसेही टाळाटाळ करतात. दिवाळीला साडी देणारा हात दाखल्यावर सही करताना का थांबतो, याचा विचार करावा. साडी ही आपल्या मनाची गोष्ट आहे, दाखला हे तिचे देणे आहे. जे न्यायाने देणे लागतो ते दान म्हणून देऊ नये, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयीच्या आदेशात बजावले आहे. माझ्या मते आपण नेमके उलटे करतो: जुने कपडे उदारपणे देतो आणि पगार मात्र दहा तारखेपर्यंत लांबवतो.

दुसरा कायदा 2013 चा, कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा. त्यात घर हेही कामाचे ठिकाण मानले आहे. बाई पूर्णवेळ असो की अर्धा तास येणारी, पगार रोख असो की धान्याच्या रूपात, संरक्षण सारखेच. तक्रार तीन महिन्यांच्या आत जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे लेखी करायची असते. लिहिता येत नसेल तर समितीने मदत करायची आहे. प्रत्येक वेळी यवतमाळ गाठावे लागू नये म्हणून तालुका पातळीवर तक्रार घेणारा नोडल अधिकारी नेमण्याची तरतूद आहे. तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य दिसल्यास समितीने ती सात दिवसांत पोलिसांकडे पाठवायची असते. बदनामीच्या भीतीने आईला गप्प बसवणाऱ्या मुलांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

आणि 14 वर्षांखालील मुलीला घरकामाला ठेवणे हा गुन्हा आहे, ‘शाळेतही घालतो’ म्हटले तरी.

नोंदणीची चौकशी यवतमाळच्या सरकारी कामगार अधिकारी कार्यालयात करावी व मिळालेली नोंदणी वेळेवर नूतनीकरण करून घ्यावी. अर्ज भरायला मदत हवी असल्यास रविवारी मिस्सानंतर मला भेटावे. घरमालकांनी दाखला सहीसह आधीच देऊन ठेवावा.